दुःखाला चाल लागते तेव्हा

माझ्या आजीचा जन्म कुठल्याच दप्तरात नोंदलेला नव्हता. वय विचारलं की ती म्हणायची, "रामाचा सत्याग्रह झाला तवा मी मायच्या कडंवर व्हते." आमच्या घरात काळ असाच मोजला जाई. सत्याग्रहाच्या आधी आणि नंतर, येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेच्या आधी आणि नंतर, बाबासाहेब गेले त्या सालाच्या आधी आणि नंतर. मी शाळेत जायला लागल्यावर या खुणांपुढे वहीत तारखा लिहिल्या : २ मार्च १९३०, १३ ऑक्टोबर १९३५, ६ डिसेंबर १९५६. वाचून दाखवल्या तेव्हा आजी म्हणाली, "बरं केलंस पोरी. पन यात गानं कुठंय?"

तिच्या लेखी गाण्याशिवाय इतिहास म्हणजे नुसती हजेरी. कोण आलं, कोण गेलं, एवढंच त्यातून कळणार. माणसांच्या मनाचं काय झालं हे कळायला ती त्या वेळी काय गात होती हे ठाऊक हवं. आजीकडून, तिच्या थोरल्या भावाकडून आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडून मी नाशिकचा जो इतिहास ऐकला तो असा गाण्यागाण्यांतून ऐकला. पुढे पुस्तकं वाचली तेव्हा बरंचसं जुळलं. जे पुस्तकांत सापडलं नाही तेही मी टाकून दिलं नाही.

काळारामाच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाची हकीकत आजीला तिच्या आईकडून मिळालेली. २ मार्चला सभा झाली, मग हजारोंची मिरवणूक पंचवटीकडे निघाली. देवळाचे दरवाजे बंद होते. मिरवणूक तशीच गोदेच्या घाटावर गेली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया अशी सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाजांशी जाऊन बसली. बाबासाहेब आंबेडकरांनी हाक दिली होती आणि नाशिकची सगळी घडी दादासाहेब गायकवाडांनी बसवली होती. महिनाभर देऊळ कुणालाच उघडलं नाही. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून वाद होऊन दगडफेक झाली. लढा पुढे काही वर्षं थांबत थांबत चालला आणि दार न उघडताच संपला.

पुस्तकात हे असं आहे. पणजीच्या सांगण्यात यातलं फारच थोडं होतं. तिला आठवत होतं ते ऊन, पाठीला टेकलेला दरवाजा, पलीकडच्या गल्लीतून येणाऱ्या शिव्या आणि त्या शिव्या ऐकू येऊ नयेत म्हणून बायांनी धरलेली भजनं. ती सांगे, आम्ही आधी भीतीनं गायलो. मग आवाज लागला तशी भीती कमी झाली. मग मुद्दाम मोठ्यानं गायलो. आतल्या देवाला ऐकू जावं म्हणून गात होता का, असं आजीनं तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "देवाचं सोड. भाईरच्या लोकाला ऐकू जावं म्हनून."

या पंचवीस बायांची नावं मला मिळाली नाहीत. पण ज्या बाईला देवळाची पायरीसुद्धा वर्ज्य होती, तिनं त्याच पायरीवर बसून गल्लीभर ऐकू जाईल असा आवाज काढला, ही घटना तारखेइतकीच खरी आहे. घरात सासूसमोर मोठ्यानं बोलायची सोय नसलेली ती बाई होती.

त्याआधी तिचा आवाज फक्त जात्याला ठाऊक होता. पहाटे उठायचं, जात्यात मूठ टाकायची आणि दळता दळता ओवी म्हणायची. माहेरची आठवण, भावाची वाट, सासूचा काच, नवऱ्याचा मार, मेलेलं लेकरू, सगळं त्या ओव्यांत येई. हेमा रायरकर आणि गी पोइटवाँ या दोघांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचं मोठं दालनच आहे. त्यांत बाया बाबासाहेबांना भाऊ म्हणतात, बाप म्हणतात, त्यांच्या येण्याची वाट सजवतात. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांना त्यांनी ओवीतून घरात आणून बसवलं.

आजीला तिच्या आईच्या खूप ओव्या पाठ होत्या. त्यांच्याविषयी तिचं मत मात्र कडक होतं. सासुरवासाच्या ओव्या ती गायची, पण गाऊन झाल्यावर म्हणायची, "या म्हनून म्हनून बाया हलक्या व्हायच्या आन् उजाडलं की परत तेच वझं उचलायच्या." ओवीनं तिच्या आईला जगवलं होतं हे तिला मान्य होतं. पण पहाटेच्या अंधारात रडून घेतलेली बाई दिवसभर मुकाट राबते आणि ओवी ऐकायला जात्यापलीकडे कुणी नसतं, हेही तिला दिसत होतं. गाण्यानं बरं वाटतं, एवढ्यावर ती समाधानी नव्हती. बरं वाटल्यावर बाई काय करते, हे ती पाहायची.

तिच्या मते खरा फरक जलशांनी केला. आजीचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. कमी बोलणारे गृहस्थ. जलशाचा विषय निघाला की मात्र त्यांचे हात ढोलकी धरल्यासारखे हलायला लागत. आंबेडकरी जलशांचं मोठं केंद्र नाशिक जिल्ह्यात होतं. भीमराव कर्डक हे त्यातलं आघाडीचं नाव. त्यांच्या नाशिक जिल्हा युवक संघाच्या जलशानं गावोगाव रात्री जागवल्या. पुढे त्यांनी आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलं. आपल्या दहा सभांच्या बरोबरीला कर्डकांचा एक जलसा आहे, अशा अर्थाचं बाबासाहेब बोलल्याचं जुनी माणसं अभिमानानं सांगत.

साचा तमाशाचाच होता, सत्यशोधक जलशांतून घडत आलेला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सवाल-जवाबही तेच. आत मात्र सगळं बदललं. गणपतीच्या गणाच्या जागी बाबासाहेबांचं स्तवन आलं. दूधवाल्या गवळणींची वाट अडवणारा कृष्ण गेला. वगात राजाराणीऐवजी सावकार, भटजी, पाटील आणि त्यांच्यापुढे हात जोडून उभा असलेला आपलाच माणूस आला. मेलेलं ढोर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका, दारू सोडा, पोरांना शाळेत घाला, हे सगळं हसवत हसवत सांगितलं जाई.

मोठेबाबांनी लहानपणी गॅसबत्तीच्या उजेडात पाहिलेला एक वग ते सांगायचे. सावकाराचं सोंग घेतलेला गडी वहीवर अंगठे घेतोय आणि प्रत्येक अंगठ्याला आकडा वाढतोय. माणसं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी खरा सावकार वस्तीत आला तेव्हा एक पोरगं त्याच्याकडे बघून फिसकन हसलं. त्याच्या बापानं त्याला मारलं, पण बापालाही हसू आवरत नव्हतं. मोठेबाबा म्हणत, "ज्याला हसलो त्याची भीती निम्मी झाली. राहिलेल्या निम्म्यासाठी शाळा होती." त्या जलशानंतर त्यांच्या आईनं गावात फिरून बलुत्याच्या भाकरी गोळा करायचं सोडलं. घरात भाकरी कमी पडल्या, दोन वर्षं ओढाताण झाली. पण ती परत गेली नाही.

ओवीत आणि जलशात आजीला जो फरक दिसे तो हा होता. ओवीत दुःखाला कारण नसे. असलं तर नशीब असे, गेल्या जन्मीचं पाप असे. जलशात दुःखाला कारण होतं आणि त्याचा पत्ताही होता. आपण वाईट म्हणून आपल्या वाट्याला हे आलेलं नाही, हे कळणं हाच मोठा उपचार होता. मन दुखावलेल्या माणसाला आधी स्वतःची लाज वाटत असते. ती लाज चारचौघांत, ढोलकीच्या तालावर उतरली की तो ताठ उभा राहतो.

जलशांच्या या वाटेवरून पुढे आमच्या मुलखातलाच एक माणूस आला. वामन तबाजी कर्डक. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२. आजीचं माहेरही सिन्नर तालुक्यातलंच, त्यामुळे ती त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखं बोले. वडील लहानपणीच गेले. आई सईबाईनं कष्टानं वाढवलं. पोट भरायला मुंबईला गेले. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, आइसफ्रूट विकणं, चिक्की विकणं, जे मिळेल ते केलं. शाळा मिळालीच नव्हती.

शिवडीच्या बीडीडी चाळीतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी येतो. कुणीतरी पत्र आणून वामनदादांच्या हातात दिलं आणि वाचून दाखव म्हणालं. कपडे नीटनेटके, म्हणजे शिकलेला असेल असा त्याचा समज. दादांना ते वाचता येईना. त्या दिवशी त्यांना रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी अक्षरं शिकून घेतली. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं केलं, ते एका हिंदी सिनेगीताच्या चालीवरचं विडंबन होतं. लोक हसले, आवडलं म्हणाले, आणि माणूस गाण्याला लागला.

घरात काही उरलं नव्हतं. पहिला संसार मोडला, लहानगी मुलगी दगावली. इतकं सोसलेला माणूस एकतर मुका होतो किंवा कडू होतो. वामनदादा खांद्याला झोळी अडकवून गावोगाव गात सुटले. त्यांनी काही हजार गाणी लिहिली. बुद्ध, भीम, रमाई, दुष्काळ, मजुरी, जमीन, पाणी, सगळ्यांवर लिहिली. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन आमचा वाटा कुठाय असं थेट विचारणारं त्यांचं गाणं आजही मोर्चात म्हटलं जातं. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही मुद्रा घालायची संतांची रीत त्यांनी पाळली. 'वाटचाल', 'मोहोळ', 'हे गीत वामनाचे' असे संग्रह निघाले. पण त्यांचा खरा प्रकाशक म्हणजे भीमजयंतीचा मांडव. साठ-सत्तरच्या दशकांत त्या मांडवात गायनाचे सामने रंगत. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर असे एकाहून एक गायक होते. पहाटेपर्यंत माणसं उठत नसत.

आजीनं वामनदादांना अशाच एका जयंतीत ऐकलं. साल तिला आठवत नव्हतं. "तुझा काका गेला त्याच्या फुडल्या जयंतीला," एवढंच ती सांगे.

माझा हा काका नऊ वर्षांचा असताना तापानं गेला. तेव्हा आजी विड्या वळायची. सिन्नर हे विडीचं मोठं गाव. माहेरी शिकलेलं ते काम तिनं नाशिकरोडला आल्यावरही सोडलं नव्हतं. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. हजाराचा हिशेब. कारखान्यात माल मोजताना खराब म्हणून किती बाजूला काढतील याचा नेम नाही. विड्या वळताना आजूबाजूच्या चारजणी एकत्र बसत आणि गात. मूल गेल्यानंतर आजी त्यांच्यात बसायची, पण तोंडातून शब्द काढत नसे. बोटं चालत, ओठ मिटलेले. तिच्या मनानं घेतलं होतं की आपण वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, आपणच मारलं पोराला.

शेजारणींनी तिला पावसाळ्यात विहारात नेलं. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. पांढऱ्या साड्या नेसून बाया जमतात आणि वाचन झाल्यावर गाणी म्हणतात. त्या दिवशी एकीनं रमाईचं गाणं धरलं. रमाबाई आणि बाबासाहेबांना पाच मुलं झाली आणि त्यातली चार लहानपणीच गेली. एकटा यशवंत जगला. औषधाला पैसे नाहीत, नवरा परदेशी शिकतोय, शेणाच्या गोवऱ्या थापून घर चालवायचं, हे सगळं रमाईच्या गाण्यांत असतं. आजी ते ऐकताना प्रथमच हमसून रडली. बायांनी गाणं थांबवलं नाही. तिच्याभोवती बसून तेच गाणं परत म्हटलं. तिसऱ्यांदा तिनंही सूर मिसळला.

मी तिला विचारलं होतं, त्या गाण्यानं काय केलं? ती म्हणाली, "रमाईची चार गेली. ती काय वाईट आई व्हती? पैका नव्हता, दवा नव्हती. तवा मला उमजलं, माझं पोर मी न्हाई मारलं."

पुढच्या जयंतीला वामनदादा आले आणि ती गर्दीत उभी राहून ऐकत होती. मागून पोरं रेटत होती, तिला दिसत काहीच नव्हतं. फक्त आवाज. ज्याची स्वतःची लेक गेली तो माणूस असा गातोय हे तिला कुणीतरी कानात सांगितलं. घरी येऊन तिनं आजोबांना ठणकावलं की राहिलेल्या पोराला, म्हणजे माझ्या वडिलांना, वसतिगृहात घालायचं. विड्यांचा हिशेब दीड पटीनं वाढवला. आमच्या घरातलं पहिलं मॅट्रिकचं प्रमाणपत्र त्या विड्यांचं आणि, आजीच्या मते, त्या दोन गाण्यांचं.

आता हे सगळं संशोधकही तपासून पाहू लागले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावर तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमधल्या डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचा अभ्यास मांडला. काहींना दहा आठवडे गटानं गायला लावलं, काहींना गटानं हस्तकलेसारखे इतर उपक्रम दिले, काहींना नेहमीचेच उपचार. मध्यम ते तीव्र लक्षणं असलेल्यांत गाणाऱ्या आया नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा लवकर सावरल्या. विहारातल्या बायांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण कुणाला मध्ये बसवायचं, कुठलं गाणं धरायचं आणि ते किती वेळा म्हणायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

माझ्यावर वेळ आली ती २०२१ मध्ये. करोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. जवळ कुणाला जाऊ दिलं नाही. आमच्याकडे पुण्यानुमोदनाला वस्ती जमते, वंदना होते, गाणी होतात. त्या वेळी त्यातलं काहीच झालं नाही. मी कानात इअरफोन घालून वडिलांची आवडती गाणी रात्र रात्र ऐकली. झोप लागायची, दुसरं काही व्हायचं नाही. पुढच्या वर्षी वर्षावासात विहार पुन्हा भरला. आजी तोवर नव्हती. तिच्याबरोबर विड्या वळणाऱ्या एका म्हातारीनं मला शेजारी ओढून बसवलं आणि तेच रमाईचं गाणं धरलं. मला ते पाठ आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. गाता गाता मला रडू आलं आणि रडता रडता मी गात राहिले. नंतर त्या म्हातारीनं एवढंच विचारलं, "ताई, उद्या येशील ना? कोरसला बाया कमी पडतात."

आवडीचं गाणं ऐकून मन हलकं होतं, हे कुणी नाकारणार नाही. आज प्रत्येकाच्या खिशात हजारो गाणी आहेत आणि वाईट दिवशी ती उपयोगीही पडतात. पण या म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून मला समजलं ते थोडं वेगळं आहे. गाण्यानं माणूस उभा राहतो तो तीन गोष्टी जुळल्या तर. गाणं स्वतःच्या तोंडून निघालं पाहिजे. शेजारी ते म्हणणारं आणखी कुणी पाहिजे. आणि त्या गाण्यानं दुःखाचा दोष आपल्याच माथी मारता कामा नये. काळारामाच्या दरवाजाशी बसलेल्या बायांकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी जलशांनी दिली, आणि वामनदादांनी ती घराघरात पोचवली.

ही परंपरा संपलेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर दारोदार भीमगीतं गात लेकरं वाढवत होत्या. कुणीतरी मोबाइलवर त्यांचं गाणं टिपलं आणि तो आवाज महाराष्ट्रभर गेला. दुसरीकडे जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज इतका वाढला आहे की त्यात गाणाऱ्याचा गळा ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्याला सूर मिसळता येत नाही. भिंत थरथरते, माणूस गप्प राहतो. तरुण पोरांच्या आनंदाला माझी हरकत नाही. पण मांडवात निदान एक तास तरी यंत्र बंद ठेवून वस्तीतल्या बायांना गाऊ द्यावं, असं मी दरवर्षी मंडळाला सांगते. गेली दोन वर्षं अर्धा तास मिळतो आहे.

वामनदादा १५ मे २००४ रोजी नाशिकमध्येच गेले. त्यांची बरीच गाणी छापली गेली, बरीच नुसती लोकांच्या तोंडी आहेत. आणि ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात, वाड्यात, वस्तीत अशी एखादी म्हातारी असेल, तर तिला जुन्या काळाची माहिती विचारू नका, तुम्ही तेव्हा काय गायचा ते विचारा. ती लाजेल, दोन ओळी म्हणून थांबेल. मोबाइलवर रेकॉर्ड जरूर करा. पण तो चालू करून समोर धरून बसू नका. पुढची ओळ येत असेल तर तिच्याबरोबर म्हणा, येत नसेल तर शिकून घ्या.